वर्षभराचा फास्टॅग पास: नागपुरातून लेकरासह लांब निघायचं तर घ्यावा का?

नागपूरकराला लांबच्या प्रवासात एक फायदा आयताच मिळतो. वर्धा रोडने खाली निघालं की थेट कन्याकुमारी, कामठी-कन्हानकडून वर गेलं की दिल्ली आणि पुढे श्रीनगर, आणि हा सगळा एकच रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ४४. आडवा ५३ आहेच: एका हाताला अमरावती, धुळे, सुरत, दुसऱ्या हाताला भंडारा, रायपूर. त्यामुळे फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालणारा वार्षिक फास्टॅग पास (एकदाच पैसे भरा, मग नाक्यानाक्यावर वेगळा टोल कापला जात नाही) कागदावर तरी नागपूरच्या कुटुंबासाठीच काढल्यासारखा वाटतो. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी १८ जून २०२५ रोजी तो जाहीर केला आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून तो सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या (साधारणपणे एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी), जे आधी संपेल ते. शुल्क बदलू शकतं, म्हणून घेताना राजमार्गयात्रा या सरकारी अ‍ॅपमध्ये दिसेल तो आकडा धरा. खालचा हिशेब ३,००० धरून आहे.

निकाल आधीच सांगतो. दक्षिणेत खोलवर किंवा दिल्लीच्या पलीकडे जाणार असाल तर डोळे झाकून घ्या. वर्षातून एकदाच हैदराबाद करणार असाल तर घाई नको. आणि सगळा प्रवास समृद्धीने मुंबई-पुण्याकडेच असेल तर हा पास तुमच्या कामाचा नाही.

नाके मोजा, मग बोला

पास वसूल होतो की नाही याचा हिशेब किलोमीटरवर करू नका, नाक्यांवर करा. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांनुसार एकाच रस्त्यावर एकाच दिशेला दोन नाक्यांमध्ये साधारण ६० किलोमीटर अंतर ठेवायचं असतं. काही ठिकाणी ते कमी भरतं, पण अंदाजासाठी हा आकडा पुरतो. नागपूर ते हैदराबाद ५०० किलोमीटर. बोरखेडी, दरोडा, केळापूर हे तीन नाके महाराष्ट्रात. पैनगंगा ओलांडली की पिप्पलवाडा, रोलमामडा, गमजल, इंदलवाई, भिकनूर, मनोहराबाद. झाले नऊ, येऊन-जाऊन अठरा. ३,००० भागिले १८ म्हणजे नाक्यामागे १६७ रुपये. एवढा टोल मोटारीला सगळीकडे लागत नाही, म्हणजे एका हैदराबादवारीत पास फिटत नाही.

आता कन्याकुमारी घ्या. साधारण १,७५० किलोमीटर, ६० ने भागून २९ नाके, दोन्ही बाजूंचे ५८. नाक्यामागे ५२ रुपये पडतात. ४४ वर बहुतेक नाक्यांवर मोटारीला एका वेळी यापेक्षा जास्त लागतात. म्हणजे एकाच सुट्टीत पास फिटला आणि हातात १४० फेऱ्या उरल्या. दिल्ली मधोमध पडते: हजार-अकराशे किलोमीटर, अठरा नाके धरले तर येऊन-जाऊन छत्तीस, नाक्यामागे ८३. तिथे अंदाजावर विसंबू नका. राजमार्गयात्रा अ‍ॅपमध्ये मार्ग टाकून नाके आणि दर एका कागदावर लिहून काढा. तो कागद फेकू नका, पुढे आणखी दोन कामांना लागतो.

एक गोष्ट लोक विसरतात. साध्या फास्टॅगवर २४ तासांत परत आलात तर दोन्ही मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नाही. पासमध्ये मात्र जाणं एक फेरी आणि येणं दुसरी. त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याचा फायदा वाटतो त्यापेक्षा कमी असतो, तर आठवडाभराने परतणाऱ्या कुटुंबाला पूर्ण फायदा मिळतो.

घरातलं कोणी त्याच गाडीने रोज नागपूर-हिंगणघाट करत असेल तर बोरखेडीलाच रोज दोन फेऱ्या जातात. शंभर दिवसांत २०० खलास. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गाडीत बसतील तोवर पास संपलेला असेल आणि ते कळेल ते बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर.

कुठे चालतो, कुठे नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पास चालतो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या नाक्यांवर. समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, म्हणून शिवमडक्याला चढून भिवंडीजवळ आमण्याला उतरेपर्यंतच्या ७०१ किलोमीटरचा टोल तुमच्या फास्टॅगच्या साध्या बॅलन्समधून जातो. दर किलोमीटरमागे दोन रुपयांच्या वर आहे, म्हणजे एका बाजूचे चौदाशेच्या पुढे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवरही तेच.

४४ वर सरळ जातानाही असे टप्पे लागतात. हैदराबाद शहरात न शिरता मेडचलच्या बाजूने आउटर रिंग रोड धरून शमशाबादला उतरणं लेकरू सोबत असताना शहाणपणाचंच, पण तो रिंग रोड पासात नाही. बंगळुरूचा नाइस रोडही नाही. उत्तरेला आग्र्याहून दिल्लीला यमुना एक्स्प्रेस वेने गेलात तर तोही उत्तर प्रदेशचा, पास बंद. मथुरेवरून जुन्या रस्त्याने गेलात तर चालू.

इथे एक मोह आवरा. पैसे दिलेत म्हणून पास चालेल तोच रस्ता निवडू नका. मुंबईसाठी अमरावती-अकोला-जळगाव-धुळे-नाशिक असा जुना रस्ता पासात बसतो खरा, पण मागच्या सीटवर चार वर्षांचं पोर असेल तर गावागावांतले वळसे आणि ट्रकांच्या रांगा यात तुमचा आणि त्याचा अख्खा दिवस जातो. टोलचे पैसे वाचतील, पण रात्रीच्या मुक्कामाला ते निघून जातील.

आतापर्यंत सांगितलेले नाके एकेकटे, प्रत्येक ओलांडणी एक फेरी असे. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेस वेसारख्या चढताना नोंद आणि उतरताना वसुली असलेल्या रस्त्यावर मात्र चढणं-उतरणं मिळून एकच फेरी धरली जाते. तिथे एका दमात जितकं लांब जाल तितकी फेरी स्वस्त. लेकरू असताना तसं जायचं की नाही हा वेगळा प्रश्न.

घेण्याची पद्धत आणि अडकण्याच्या जागा

पास फक्त राजमार्गयात्रा अ‍ॅपवर आणि महामार्ग प्राधिकरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका. नवीन टॅग लागत नाही, काचेवर आहे त्याच टॅगवर पास चढतो. गाडीचा नंबर टाका, तो नोंदणीशी ताडून बघितला जातो, ओटीपी येतो, पैसे भरा. हे पैसे फास्टॅगच्या वॉलेटमधून कापले जात नाहीत, यूपीआय किंवा कार्डाने वेगळे द्यावे लागतात. पैसे पोचल्यावर साधारण दोन तासांत पास सुरू होतो.

अडकतात ते बहुधा तीन कारणांनी. पहिलं: शोरूममधून गाडी घेताना नंबर हाती आलेला नसतो, म्हणून टॅग चेसिस नंबरवर काढलेला असतो आणि तो नंतर कोणी बदलत नाही. अशा टॅगवर पास मिळत नाही. आधी टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसी बुक देऊन गाडीचा नंबर चढवून घ्या. त्याला दिवस लागतात, म्हणून हे निघण्याच्या आठवडाभर आधी बघा. दुसरं: टॅगला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला किंवा वडिलांचा. ओटीपी तिकडे जातो आणि आपण इकडे वाट बघत बसतो. तिसरं: टॅग काचेला चिकटलेलाच नसतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून नाक्यावर हातात धरून दाखवायची सवय असेल तर ती सोडा. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकले जातात. टॅग आतल्या बाजूने, आरशाच्या मागे, काचेच्या मध्यावर हवा. काचेला तडा गेला असेल तर आधी काच बदला, नवीन टॅग लावा, मग पास घ्या.

टुरिस्ट गाडी भाड्याने करणार असाल तर पासाचा विचारच सोडून द्या. तो फक्त खासगी वापराच्या मोटार, जीप, व्हॅनला आहे. दोन गाड्यांचं कुटुंब असेल तर कुठली गाडी नेणार ते आधी ठरवा, कारण एका गाडीचा पास दुसरीला लावता येत नाही.

कधी घ्यावा? वर्ष सुरू होतं ते पास चालू झाला त्या दिवसापासून, म्हणून जानेवारीत घेऊन मे महिन्याची वाट बघण्यात अर्थ नाही. आमच्या मते दिवाळीच्या सुट्टीत निघण्याआधी तीन-चार दिवस ही सगळ्यात चांगली वेळ. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर उशिरा उघडतात, आणि ती मोठी सुट्टी अख्खी याच वर्षात येते. शिवाय मध्ये अधिक महिना नसेल तर पुढची दिवाळी साधारण अकरा दिवस आधी येते, म्हणजे दुसऱ्या दिवाळीची निघतानाची बाजूही त्याच पासात बसू शकते. दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा ३,००० रुपयांत.

पास असला तरी वॉलेटमध्ये हजार रुपये ठेवा, समृद्धी जोडणार असाल तर दोन हजार. रिंग रोड आणि राज्याचे नाके त्यातूनच कापले जातात. पासाच्या भरवशावर वॉलेट रिकामं ठेवणारा माणूस हैदराबादच्या रिंग रोडवर अडकतो. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून आला. पासात असलेल्या नाक्यावर चुकून वॉलेटमधून पैसे गेले तर तिथे रांगेत वाद घालू नका, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मुक्कामी पोचल्यावर १०३३ वर किंवा बँकेकडे तक्रार करा. मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत असताना आणि मागच्या सीटवर झोपमोड झालेलं लेकरू रडत असताना कुठलाही हिशेब जुळत नाही.

तोच कागद, दुसरं काम: थांबे

फास्टॅगमुळे नाक्यावर पाकीट काढायचं राहत नाही, गाडी दोन-चार सेकंदांत निघते. मोठ्यांना बरं, लहानांना वाईट. पूर्वी रोखीच्या रांगेत नकळत थोडी विश्रांती मिळायची. आता चालक बुटीबोरीहून निघतो तो थेट आदिलाबादलाच मान वळवतो, आणि सीटच्या पट्ट्यांत जखडलेलं पोर तीन तासांनी गाडी डोक्यावर घेतं.

म्हणून कागदावर दर दुसऱ्या नाक्यापुढे खूण करा. दोन नाके म्हणजे साधारण १२० किलोमीटर, पावणेदोन ते दोन तास. तीन ते आठ वर्षांच्या मुलाला याहून जास्त वेळ बांधून ठेवू नये. नाका ओलांडला की पुढे डावीकडे गाडी घेण्याइतकी जागा असते आणि शौचालय असतं. स्वच्छतेची खात्री नाही, म्हणून साबणाची वडी, पाण्याची बाटली आणि जुनं वर्तमानपत्र हाताशी ठेवा. मुलाला नेहमी डाव्या दारानेच उतरवा. नाक्यातून सुटलेली गाडी जोर पकडत असते आणि डावीकडे बघत नाही. महामार्गाच्या कडेला, पांढऱ्या पट्टीबाहेर "एकच मिनिट" म्हणून थांबणं मात्र पूर्ण टाळा.

उत्तरेला निघालात तर खुमारीचा नाका गेल्यावर मनसर किंवा देवलापारला उरकून घ्या. पुढे पेंचच्या जंगलातला उंचावरचा रस्ता लागतो. खालून जनावरं जातात, वर दोन्ही बाजूंना भिंती असतात. तो पार करून खवासाच्या पुढे जाईपर्यंत थांबू नये, आणि "आई, शू" नेमकं तिथेच येतं.

मुलाच्या सीटबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. पण दंड ही किरकोळ बाब. कन्याकुमारीच्या एका वारीत पासाने वाचलेल्या पैशांना चांगल्या बालसीटकडे वळवणं हा त्यांचा सर्वोत्तम उपयोग. सीट मागच्या बाकावर घट्ट बसवा. बसवलेल्या जागी धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. खांद्यावरची पट्टी चिमटीत धरून बघा: घडी पडली तर सैल आहे. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल तव्यासारखं तापतं, म्हणून गाडी सोडताना सीटवर पांढरा ओला पंचा टाका आणि बसवण्याआधी बक्कलला स्वतःचा हात लावून बघा.

आणि निघायच्या सकाळी तर्री पोहे मोठ्यांनीच खावेत. पोट ढवळणाऱ्या पोरासाठी कोरडे मुरमुरे, केळं आणि घोट-घोट पाणी पुरे.

तिसरं काम: मुक्काम नाक्याच्या कुठल्या बाजूला

पासावर प्रत्येक ओलांडणी मोजली जाते, म्हणून हॉटेल निवडताना नकाशावर नाका कुठे आहे ते बघा. नाका ओलांडून पाच किलोमीटरवर गाव आणि हॉटेल मात्र मागे राहिलेलं असेल, तर मागे जाणं एक फेरी आणि सकाळी पुन्हा पुढे येणं दुसरी. साध्या टॅगवरही त्याचे पैसे जातातच. फेऱ्या २०० असल्या तरी हे चार-पाच मुक्कामांत जाणवतं. शिवाय रात्री दमलेल्या मुलाला घेऊन यू-टर्न शोधत फिरणं वेगळंच.

कन्याकुमारीसाठी ही विभागणी लेकराला झेपते. पहिला दिवस नागपूर ते निर्मल, २८० किलोमीटर. लोक हैदराबाद एका दिवसात करतात, पण पहिल्याच दिवशी ५०० किलोमीटर बसवलेलं पोर दुसऱ्या दिवशी गाडीत चढायला तयार होत नाही. निर्मल लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, संध्याकाळी एक खेळणं घेऊन द्या, पुढचे दोन दिवस तेच सांभाळेल. दुसरा दिवस कर्नूल, ४३५ किलोमीटर, मधल्या हैदराबादच्या रिंग रोडसह. तिसरा बंगळुरू, ३६०. चौथा दिवस गाडी उभी. पाचवा मदुराई, ४३५, आणि सहावा कन्याकुमारी, २४५. उन्हाळ्यात ४३५ च्या दोन्ही दिवशी पहाटे पाचला गाडी रस्त्याला लागलीच पाहिजे.

पासाची मोठी उणीव म्हणजे तो नेमका कुठे चालणार नाही हे नाक्यावर आधी ठळक दिसत नाही. समृद्धीवर चढताना "पास आहे ना" म्हणून निर्धास्त बसलेली माणसं उतरताना मेसेज बघून चकित होतात. दुसरी उणीव, राहिलेल्या फेऱ्यांचा आकडा गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही, मोबाईल उघडावा लागतो. तोडगा सोपा: नाक्यांच्या त्याच कागदावर शेजारी बसलेल्याने प्रत्येक नाक्यापुढे बरोबरची खूण करायची आणि रात्री अ‍ॅपमधल्या आकड्याशी जुळवायचं. वाचता येणाऱ्या लेकराकडे हा कागद आणि एक पेन्सिल दिली तर बोरखेडीपासून पुढच्या नाक्याची पाटी सगळ्यात आधी त्यालाच दिसते.